शेवटची सायकल येईपर्यंत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गेल्या डिसेंबरातली गोष्ट. पहाटे पाचच्या सुमारास मी रत्नागिरीच्या रेल्वे स्टेशनवर उभा होतो. मुंबईकडून आलेल्या गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून गोणपाटात गुंडाळलेल्या सायकली उतरत होत्या, आणि त्यांचे मालक आपापली सायकल ओळखून तिच्या दोऱ्या सोडत होते. एक हमाल बराच वेळ हा प्रकार बघत होता. शेवटी न राहवून त्यानं विचारलं, "शर्यत आहे काय हो?"

"नाही," मी म्हटलं.

"मग बक्षीस?"

"बक्षीसही नाही."

तो क्षणभर गप्प झाला आणि मग म्हणाला, "अहो, इकडचे चढ बघितलेत तरी काय? गाडीनं आलात तर गाडीनंच फिरा ना!"

त्याला त्या वेळी मला धड उत्तर देता आलं नाही. आज ते तुमच्यासमोर देण्याचा प्रयत्न करणार आहे.

आमचा क्लब म्हणजे काही मोठी संस्था नव्हे. त्याला कार्यालय नाही, दारावर पाटी नाही. कोल्हापूर, सांगली, पुणे, मुंबई इथले सायकल चालवणारे लोक, एवढंच. त्यांत बँकेतले आहेत, दोन डॉक्टर आहेत, एक पिठाच्या गिरणीचे मालक आहेत, कॉलेजची मुलं-मुली आहेत, आणि मी स्वतः शाळेत गणित शिकवतो. दर वर्षी डिसेंबरात तीन दिवस आम्ही रत्नागिरीला जमतो. कोल्हापूरकडची मंडळी टेम्पोत सायकली टाकून आंबा घाटानं उतरतात, मुंबई-पुण्याकडची रेल्वेनं येतात. या वेळी बेचाळीस जण होतो. सगळ्यांत लहान मुलगी एकोणीस वर्षांची आणि सगळ्यांत मोठे गृहस्थ अडुसष्ट वर्षांचे.

कार्यक्रम ठरलेला असतो. पहिल्या दिवशी भाट्याच्या पुलावरून पावस आणि पूर्णगड करून संध्याकाळी रत्नागिरीत परत. दुसऱ्या दिवशी आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड करत जयगडला जायचं. तिथं सायकलींसकट फेरीबोटीत बसून खाडीपलीकडच्या तवसाळला उतरायचं आणि हेदवी, वेळणेश्वर करत मुक्कामाला गुहागर गाठायचं. हे अंतर भरतं नव्वद किलोमीटरच्या आसपास. तिसऱ्या दिवशी त्याच वाटेनं परत.

नव्वद किलोमीटर ऐकून तुम्ही म्हणाल, समुद्राकाठचाच रस्ता ना, सपाट असेल. अनेकांची अशी समजूत असते आणि ती पहिल्या तासाभरातच उतरते. कोकणची किनारपट्टी म्हणजे जांभ्या दगडाचे सडे, आणि त्या सड्यांना कापत समुद्राला मिळणाऱ्या नद्या. भाट्याला काजळी, पूर्णगडला मुचकुंदी, जयगडला शास्त्री, पुढे दाभोळला वाशिष्ठी. रस्ता सड्यावरून चालतो, खाडी आली की खाली उतरतो, आणि ओलांडून झाली की पुन्हा सड्यावर चढतो. मोठ्या खाड्याच नव्हेत, प्रत्येक लहान वहाळ हाच खेळ करतो. घाटात एकदा चढलं की चढून झालं. इथं दिवसभरात वीस वेळा चढायचं आणि वीस वेळा उतरायचं. आरे-वारेच्या वरच्या वळणावर उभं राहून निळा समुद्र बघताना मोटारीतले लोक फोटो काढत असतात, आणि आम्ही सायकलीच्या दांड्यावर डोकं टेकून श्वास घेत असतो.

त्यात कोकणची हवा दमट. घाम येतो, पण तो लवकर सुकत नाही, आणि घाम सुकल्याशिवाय अंग थंड होत नाही. नुसतं पाणी पीत राहिलं तर पायात गोळे येतात, कारण घामावाटे मीठही गेलेलं असतं. म्हणून आमच्या बाटल्यांमध्ये मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत असतं. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध आणि कोकणातल्या आजीनं सांगितलेलं औषध एकच निघावं, असा प्रसंग विरळाच.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. बेचाळीस माणसं एकत्र सायकल चालवतात म्हणजे नेमकं काय करतात?

सपाट रस्त्यावर घोळक्याचा फायदा अगदी शास्त्रीय आहे. वेगानं जाणाऱ्या सायकलस्वाराची बरीचशी शक्ती वारा कापण्यात जाते. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतर ठेवून चाललं, तर मागच्याला वाऱ्याचा मार पुष्कळ कमी बसतो आणि त्याचे पाव हिश्श्याएवढे कष्ट सहज वाचतात. म्हणून थोड्या थोड्या वेळानं पुढचा बाजूला होतो, दुसरा पुढे येतो. उडणारे बगळे हेच करतात. पुढच्यानं खड्डा दिसला की हातानं दाखवायचा, मागून ट्रक आला की शेवटच्यानं "गाडी!" म्हणून ओरडायचं आणि ती हाक एकेकानं पुढे पोचवायची. या सगळ्यात मोठी मौज असते.

पण चढ लागला की हे शास्त्र संपतं. ताशी सात-आठ किलोमीटरच्या वेगाला वाऱ्याचा अडथळा नगण्य असतो. तिथं फक्त तुमचं वजन, तुमचे पाय आणि तुमचा श्वास. कोणाच्याही मागे राहून काहीही वाचत नाही. चढावर प्रत्येक जण एकटा असतो. त्यामुळे पायथ्याशी एकत्र असलेला घोळका माथ्यावर पोचेपर्यंत दोन किलोमीटर लांब पसरलेला असतो. म्हणजे घोळका टिकवायचा असेल तर तो माथ्यावर थांबून टिकवावा लागतो. आपोआप टिकत नाही. हे मला गणित शिकवूनही समजलं नव्हतं. ते समजायला एक चूक व्हावी लागली, आणि ती माझ्या हातून झाली.

साल २०१६. मोहिमेचा प्रमुख मीच होतो. त्या काळात आम्हाला वेगाचं वेड होतं. सायकलच्या जगात ब्रेव्हे नावाचा एक प्रकार आहे. पॅरिसच्या एका जुन्या क्लबनं घालून दिलेल्या नियमांप्रमाणे दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, सहाशे चाळीस तासांत अशी अंतरं पार करायची. त्यात दुसऱ्याशी स्पर्धा नसते, प्रत्येकाची लढाई घड्याळाशी. प्रकार उत्तम आहे, आमच्यातले अनेक जण तो आजही करतात. पण घड्याळाशी लढण्याची ती सवय आम्ही सहलीतही घेऊन आलो होतो.

गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला परतताना संध्याकाळ झाली होती. आम्ही तेवीस जण होतो. सगळे पळत सुटलो. मुक्कामी पोचलो, आंघोळी केल्या, गप्पा मारल्या, जेवायला बसलो. आणि एक ताट उरलं.

सांगलीच्या एका बँकेत काम करणाऱ्या ताई आमच्याबरोबर पहिल्यांदाच आल्या होत्या. आरे-वारेच्या चढावर त्यांच्या मागच्या चाकाला पंक्चर झालं. त्यांच्याकडे ट्यूब होती, पण पंप दुसऱ्याच्या सायकलीला होता. फोनला रेंज नव्हती. अंधार पडल्यावर त्या सायकल ढकलत जवळच्या वाडीपर्यंत चालत गेल्या. तिथल्या घरातल्या माणसांनी त्यांना बसवलं, चहा दिला, आणि त्यांचा मुलगा टेम्पोतून त्यांना सायकलीसकट घेऊन आला. तोपर्यंत रात्रीचे नऊ वाजले होते. आम्ही शोधायला निघायच्या तयारीत होतो. पण ती तयारी सुरू होऊन वीस मिनिटंही झाली नव्हती.

त्या काही बोलल्या नाहीत. जेवल्या, झोपल्या, दुसऱ्या दिवशी आमच्याबरोबर सायकलही चालवली. महिन्याभरानं मी फोन करून माफी मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, अंधाराचं काही नाही हो. ती माणसं फार चांगली होती. पण ताट उरलं म्हणून तुम्हाला कळलं. तुम्ही आम्हाला मोजलंच नव्हतं."

त्यानंतर त्या क्लबात आल्या नाहीत.

श्रोतेहो, सायकलवरून मिळून प्रवासाला निघणं ही काही आजची टूम नाही. इंग्लंडमध्ये १८७८ सालीच हॅरोगेट गावी सायकलवरून प्रवास करणाऱ्यांचा क्लब स्थापन झाला. तेव्हा पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं उंच असे. आपल्याकडे १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ मध्ये ती फेरी पूर्ण करून मुंबईला परतले. हा पराक्रम मी मुलांना वर्गात सांगतो तेव्हा एखादा मुलगा हमखास विचारतो, "सर, बाकीच्या तिघांचं काय झालं?" पूर्वी मला हा प्रश्न गोष्टीत अडथळा आणणारा वाटायचा. २०१६ नंतर तसा वाटत नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या क्लबात एक काका आले. एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना कंडक्टरकाकाच म्हणतो. आदल्या वर्षीची हकीकत त्यांच्या कानावर गेली होती. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "मास्तर, राग मानू नका. तुमच्या गाडीला ड्रायव्हर पुष्कळ आहेत, कंडक्टर एकही नाही. डबल बेल मारायच्या आधी मागं वळून बघायचं असतं."

मग आम्ही तीन नियम केले. पहिला, प्रत्येक थांब्यावर मोजणी. निघण्यापूर्वी प्रत्येकानं आपला नंबर मोठ्यानं म्हणायचा, शाळेतल्या कवायतीसारखा. दुसरा, जिथं रस्त्याला फाटा फुटतो तिथं घोळक्यातल्या एकानं उभं राहायचं आणि शेवटचा माणूस येईपर्यंत हलायचं नाही. तिसरा नियम शेपटाचा. एक जण कायम सगळ्यांच्या मागे. त्यानं कोणाच्याही पुढे जायचं नाही, कितीही हळू चालवावं लागलं तरी. शेपटाचं काम काकांनी स्वतःकडे घेतलं. त्यांच्या सायकलीला पितळी घंटी आहे. मागून तिचे दोन ठोके ऐकू आले की समजायचं, सगळे आले, निघा.

तरुण मुलं सुरुवातीला कुरकुरली. हळू चालवणं हे वेगानं चालवण्याइतकंच अवघड असतं, हे त्यांना एकेक दिवस शेपूट व्हायला लावल्यावर पटलं.

आता गेल्या डिसेंबराकडे परत येतो. तिसरा दिवस. गुहागरहून साडेसहाला निघालो. त्या दिवशी घाई होती, कारण काही जणांची रत्नागिरीहून दुपारची गाडी होती. त्याआधी सायकली लगेजमध्ये चढवायच्या होत्या. दहाच्या आत तवसाळच्या जेट्टीवर पोचलो. बोट लागलेली होती. मोटारी चढत होत्या. मोजणी केली. चाळीस.

पुन्हा केली. चाळीस. काका नव्हते आणि ती एकोणीस वर्षांची मुलगी नव्हती. फोन लावला, लागेना. बोटीवरचा माणूस हाका मारतोय, पुढची बोट तासाभरानं. ज्यांची गाडी होती ते माझ्याकडे बघतायत. एक जण म्हणाला, "सर, काका आहेत ना तिच्याबरोबर. मग काळजी कसली? आपण पलीकडे जाऊन थांबू."

त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण दोघांत खाडी घालून थांबणं हे थांबणं नव्हे. मी म्हटलं, "ज्यांची गाडी आहे त्यांनी सांगून, मोजून पुढे जावं. त्यात कमीपणा नाही. बाकीचे इथं थांबतील." आठ जण बोटीत चढले. बत्तीस जण राहिलो. बोट सुटली, आणि जेट्टीवर एकदम शांतता पसरली.

तेवढ्यात कोणाच्या तरी लक्षात आलं, की हत्यारांची पिशवी माझ्या सायकलीला आहे. श्रोतेहो, नियम तीन केले होते, पण पिशवी मात्र जुन्या सवयीनं सगळ्यांत पुढे चालणाऱ्या प्रमुखाकडेच राहिली होती. ज्याला तिची गरज पडणार तो मागे, आणि पिशवी पुढे! नऊ वर्षांपूर्वी पंप पुढे गेला होता, आता अख्खी पिशवी. आमच्यातली दोन सगळ्यांत वेगवान मुलं, जी सकाळपासून "अजून किती थांबायचं" म्हणत होती, त्यांनी काही न बोलता ती माझ्याकडून घेतली आणि उतरून आलेल्या चढावर पुन्हा चढायला लागली.

झालं होतं असं. हेदवी मागे टाकल्यावरच्या एका चढावर त्या मुलीच्या सायकलीची चेन तुटली. ती काकांना म्हणाली, "काका, तुम्ही पुढे व्हा. मी एखादी गाडी बघून येते." काका म्हणाले, "बाळ, पॅसेंजर रस्त्यात सोडून कंडक्टर कधी घरी जात नसतो." मग दोघांनी विचार केला. चेन नसली तर सायकल चालवता येत नाही, पण उतारावर ती आपली आपण धावते. आणि हा कोकणचा रस्ता. जितका चढ तितका उतार. चढ आला की दोघंही उतरून सायकली ढकलत चालायची, उतार आला की बसायची. काकांची चेन चांगली धड होती, तरी चढावर तेही चालत होते. ज्या चढ-उतारांना आम्ही तीन दिवस नावं ठेवली, त्यांतले निम्मे त्या दिवशी कामी आले.

मुलांना ती दोघं जेट्टीपासून तीन-साडेतीन किलोमीटरवर भेटली. तुटलेली कडी काढून चेन जोडायला दहा मिनिटं लागली. आम्ही खाली वाट बघत होतो. एका दुकानदारानं बत्तीस चहा करता करता विचारलं, "कोणी मोठा माणूस यायचा आहे काय?" मी म्हटलं, "हो."

मग वरच्या वळणावरून घंटी ऐकू आली. दोन ठोके.

इथंच गोष्ट संपवली असती तर ती छान झाली असती. पण खरं ते सांगायला हवं. थांबलेल्यांपैकी एकाचीही दुपारची गाडी होती. तो आठांबरोबर गेला नाही, मनात असूनही संकोचानं थांबला, आणि त्याची गाडी चुकली. रात्रीच्या गाडीत त्याला बसायला जागा मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी त्याला कामावर बोलणी खावी लागली. तो माझ्यावर अजून थोडा रागावलेला आहे, आणि त्याचा राग मला अन्यायाचा वाटत नाही. थांबण्याची किंमत असते, आणि ती दर वेळी सारखी वाटली जात नाही. कोणाच्या वाट्याला चहा येतो, कोणाच्या वाट्याला रात्रभर उभं राहणं. या वर्षी परतीच्या दिवशी रत्नागिरीत आणखी एक मुक्काम ठेवायचा, असं आम्ही त्यासाठीच ठरवलं आहे. आणि हत्यारांची पिशवी आता शेपटाकडे असते.

त्या संध्याकाळी अंधारता अंधारता आम्ही मांडवीच्या किनाऱ्यावर परतलो. पुढे गेलेल्या आठांचे गाडीत बसल्याचे निरोप आलेले होते. तरीही रिवाजाप्रमाणे मोजणी झाली. चौतीस जणांनी आपापले नंबर म्हटले, गेलेल्या आठांचे मी म्हटले. बेचाळीस भरले.

स्टेशनवरच्या त्या हमालाला द्यायचं उत्तर मला तेव्हा सुचलं. शर्यत नव्हती, बक्षीस नव्हतं. बेचाळीस निघाले आणि बेचाळीस पोचले, यापलीकडे आम्ही काही केलं नाही. ऐकायला हे फार थोडं वाटतं. पण घरात, शाळेत, कचेरीत आपण किती ठिकाणी पुढे पोचल्यावर मागे वळून मोजतो, याचा ज्यानं त्यानं विचार करावा. वर्गात पुढच्या बाकावरची पाच मुलं गणित सोडवून मोकळी झाली की मी फळा पुसत असे. आता शेवटच्या बाकाकडे बघितल्याशिवाय डस्टर हातात घेत नाही.

आणखी एकच सांगून थांबतो. दर नोव्हेंबरात आमच्या मोहिमेचं पत्रक निघतं, तेव्हा एक प्रत मी सांगलीच्या त्या ताईंना न चुकता पाठवतो. पोचल्याचं त्या कळवतात, शुभेच्छाही देतात. येत मात्र नाहीत. त्यामुळे मांडवीच्या वाळूत उभं राहून सगळे आपापले नंबर म्हणतात, बेरीज बरोबर जुळते, काकांची घंटी वाजते, तरी माझ्या हिशेबात एक कमीच भरतो.